आदेशानंतरचं घर

दिवाळीची सुट्टी लागली की बालगृह निम्मं रिकामं होतं. कुणाची आई येते, कुणाचा मामा, कुणाची आजी दोन ठिकाणी एसटी बदलून पोचते. अधीक्षकांच्या टेबलावर अर्ज, आधार कार्डाची झेरॉक्स, रजिस्टरात सही नाहीतर अंगठा, आणि मूल पिशवी उचलून चालू लागतं. ही ये-जा पाहिली की बालगृहातली मुलं म्हणजे अनाथ मुलं, हा समज टिकत नाही. तिथल्या बहुतेकांना कुणी ना कुणी आहे. केंद्र सरकारने देशभरातल्या बालसंस्थांची पाहणी करून घेतली. २०१८ साली आलेल्या त्या अहवालात ९ हजारांहून अधिक संस्थांची नोंद झाली आणि मुलांमध्ये सर्वांत मोठा गट निघाला तो एकल पालकांच्या मुलांचा. आई विधवा आणि ऊसतोडीला जाणारी, बाप तुरुंगात, आई मनोरुग्णालयात, घरात दारू आणि मारहाण. कारणं साधारण अशीच असतात.

मागे राहतात ती मुलं वेगळी. एखाद्या नऊ वर्षांच्या मुलीची आई वर्षानुवर्षं आजारी असते. ती वर्षातून एक-दोनदा भेटायला येते, मुलीला जवळ घेऊन रडते आणि परत जाते. मूल सोडून देण्याच्या कागदावर सही करायला ती तयार नाही, आणि तिनं ती का करावी? तिचं मुलीवर प्रेम आहे. पण मुलीला घरी नेऊन दोन वेळचं जेवण, शाळा, रात्रीची सुरक्षितता देणं तिच्या हातात नाही. म्हणजे दत्तकाचा रस्ता बंद आणि घरचाही बंद. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत लोखंडी कॉट, घंटा आणि रांग. अशा मुलांसाठी कायद्यात तिसरा रस्ता आहे: प्रतिपालक कुटुंब. आम्ही कामाच्या बोलण्यात 'फोस्टर' म्हणतो. दुसऱ्या एका घरानं या मुलाला आपल्यात राहू द्यायचं, वाढवायचं. आईचं आईपण तसंच ठेवून.

अशी घरं शोधणं, ती पारखणं आणि मूल तिथं गेल्यावर त्या घराच्या पाठीशी उभं राहणं हे माझं काम. या लेखात एकाही मुलाचं किंवा घराचं नाव येणार नाही, गावही येणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे; सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा नसता तरी मी नावं दिली नसती. तुमच्या शेजारच्या फ्लॅटमधलं मूल तुम्ही या लेखावरून ओळखावं, असं मला नको आहे.

कायदा २०१५ चा, कलम ४४. मूल कुठल्या कुटुंबात द्यायचं याचा आदेश बाल कल्याण समिती काढते. प्रत्येक जिल्ह्यात एक अध्यक्ष आणि चार सदस्य असलेली ही समिती असते. कुटुंबाची क्षमता, इच्छा, मुलं सांभाळण्याचा आधीचा अनुभव हे पाहून निवड करावी, भावंडांची शक्यतो ताटातूट करू नये, सख्ख्या आई-वडिलांना भेटीचा हक्क असावा, आणि समितीनं दर महिन्याला त्या घराची पाहणी करावी, असं कायदा सांगतो. पैशाची बाजू जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या मान्यता समितीकडे जाते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलासाठी महिना ४ हजार रुपये ठरलेले आहेत. २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांनी अविवाहित, विधवा, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तीलाही दार उघडलं, मात्र वय किमान ३५ हवं. एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगा दिला जातो, एकट्या बाईकडे मुलगा किंवा मुलगी कोणीही. मूल दत्तकासाठी मोकळं असेल, तर दोन वर्षं सांभाळल्यावर त्याच कुटुंबाला ते दत्तक घेता येतं. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. प्राधान्य सहा वर्षांपुढच्या मुलांना, कारण तान्ह्या बाळांना दत्तक घर मिळतं आणि ते मिळावंही. सात-आठ वर्षांच्या सावळ्या मुलाला मात्र कोणी विचारत नाही.

महाराष्ट्रात या कामाला जुनी वाट आहे. मुंबईतल्या फॅमिली सर्व्हिस सेंटरसारख्या संस्था कित्येक दशकांपासून प्रतिपालक कुटुंबांबरोबर काम करत आल्या आहेत. राज्याची बालसंगोपन योजना आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावानं चालते. महिना ४२५ रुपयांवरून ती आधी ११०० आणि २०२३ मध्ये २२५० रुपयांवर आली. मात्र तिचे बहुतेक लाभार्थी स्वतःच्याच आईकडे नाहीतर आजीकडे राहतात, आणि ते अगदी योग्य आहे. गरिबीमुळे मूल घरातून उचलून संस्थेत न्यायचं आणि तिथं त्याच्यावर खर्च करायचा, त्यापेक्षा तो पैसा आईच्या हातात पडलेला शंभर पटींनी बरा. करोनात बाप गेलेल्या किती मुलांची शाळा या रकमेवर टिकली, ते गावोगावच्या अंगणवाडी ताईंना विचारा. पण परक्या घरानं परकं मूल सांभाळायचं, हा प्रतिपालकत्वाचा गाभा असलेला भाग आपल्याकडे अजून फारच थोडा आहे. त्याचं कारण लोकांच्या मनाचा कोतेपणा, असं सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. पारखण्यापासून सुरुवात करते, म्हणजे उरलेलं कळेल.

कुटुंबाचा अर्ज आला की गृहअभ्यास सुरू होतो. उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय तपासणी, पोलीस पडताळणी, घर स्वतःचं की भाड्याचं, संडास कुठे, शाळा किती लांब, मूल झोपणार कुठे. हा कागदाचा भाग लवकर उरकतो. खरी माहिती मिळते ती स्वयंपाकघरात. बैठकीच्या खोलीत नवरा बोलतो, बायको चहा टाकायला उठते आणि मी तिच्या मागे आत जाते. ओट्याशी उभं राहून ती जे सांगते ते फॉर्ममध्ये लिहायला जागा नसते, पण निर्णय त्यावरच होतो. "यांनाच फार हौस आहे" असं एखादी हळूच म्हणते, तेव्हा अर्ज तिथेच थांबवायचा असतो, कारण मुलाचा सगळा दिवस तिच्याबरोबर जाणार आहे. घरातल्या सासूबाईंशी वेगळं बोलायचं. घरच्या मुलाशी तर नक्कीच. बारा वर्षांचा मुलगा "मला चालेल" म्हणतो, पण माझी खोली, माझी सायकल, माझा मोबाइल असं मोजत राहतो, तेव्हा त्याला अजून वेळ द्यावा लागतो. शेजारी, किराणा दुकानदार, शाळेतल्या बाई यांच्याकडेही चौकशी होते.

काही उत्तरं ऐकली की कान टवकारतात. "मुलगीच द्या, जरा मोठी द्या." का हो? "आईला सोबत होईल." आई म्हणजे अंथरुणाला खिळलेली म्हातारी. हे मूल मागणं नाही, बिनपगारी बाई मागणं आहे, आणि ते नम्रपणे पण ठाम नाकारायचं असतं. "आमचा मुलगा गेला, त्याच्यासारखाच हवा," असं म्हणणारे आई-बाप समोर बसले की माझाही जीव गलबलतो, तरी त्यांनाही थांबायला सांगावं लागतं. गेलेल्या मुलाचे कपडे दुसऱ्या मुलाच्या अंगावर चढवून त्याच्याकडून तेच हसू मागणं त्या दुसऱ्यावर अन्याय आहे. काही जण दत्तकाच्या लांबलचक प्रतीक्षायादीला कंटाळून इकडे वळतात. त्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगते: हे मूल उद्या आईकडे परत जाऊ शकतं, आणि तसं झालं तर ते आपलं यश मानायचं. हे ऐकून निम्मे लोक उठतात. उरतात त्यांच्याबरोबर पुढे काम करता येतं.

मग जातीचा प्रश्न. तो येतोच. कधी सरळ, "मूल कुणाचं आहे?", कधी आडून, "आडनाव काय आहे?", कधी काळजीच्या सुरात, "आमच्याकडे सोवळं असतं, त्याला जमेल का?" मुलाची भाषा, खाणंपिणं, सणवार शक्यतो जुळावेत असं मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पावरी बोलणाऱ्या सातपुड्यातल्या मुलाला एकदम पुण्याच्या अपार्टमेंटमध्ये ठेवलं, तर ते आणखी एकदा परकं होतं. पण भाषा जुळवणं वेगळं आणि जात विचारणं वेगळं. जो माणूस मुलाची इयत्ता, आवडनिवड, आजार विचारण्याआधी जात विचारतो, त्याच्या घरात मूल देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या सावित्रीबाईंचं नाव आपण योजनेला दिलं, त्यांनी आणि जोतिरावांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत आपला म्हणून वाढवला. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची सेवा करताना गेल्या, तेव्हा प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवणारा हाच मुलगा होता. योजनेच्या अर्जावर सावित्रीबाईंचं नाव छापायचं आणि अर्जदाराच्या जातीच्या प्रश्नापुढे गप्प बसायचं, हे दोन्ही एकत्र चालणार नाही.

आदेश निघतो, एक पिशवी आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन मूल नव्या घरी जातं, आणि सगळ्यांना वाटतं की काम झालं. काम तिथून पुढे आहे.

पहिले पंधरा-वीस दिवस मूल फार शहाणं वागतं. विचारल्याशिवाय पाणी पीत नाही. ताट वाढलं तरी कोणी "बस" म्हणेपर्यंत उभं राहतं. संध्याकाळी सातला जेवायला तयार असतं, कारण तिथे सातला घंटा व्हायची. घरातली माणसं कौतुकानं फोन करतात, किती समजूतदार मूल दिलंत! मी मनात म्हणते, अजून ते पाहुणं आहे. महिन्या-दीड महिन्यानं तो फोन बदलतो. एका घरातल्या काकूंना गादी उन्हात टाकताना उशीच्या अभ्र्यात पोळ्या सापडल्या. चार-पाच दिवसांच्या, वाळून कडक झालेल्या, एकात गुळाचा खडा गुंडाळलेला. काकूंना रडू फुटलं आणि मग रागही आला. "आम्ही काय याला उपाशी ठेवतो का हो ताई? लोक काय म्हणतील?" त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. मुलाला कुणी काही बोललेलं नव्हतं, ही त्यांच्या घरची पुण्याई. ज्यानं लहानपणी रात्री उपाशी काढल्या आहेत, तो आज पोट भरलं तरी उद्याची सोय करून ठेवतो. यात चोरी नाही आणि तुमच्यावर अविश्वासही नाही, एवढंच मी त्यांना सांगितलं. मग आम्ही ठरवलं की स्वयंपाकघरात हाताला येईल असा एक डबा फक्त त्याचा. त्यात पोळी, शेंगदाण्याचा लाडू, काहीही. विचारायचं नाही, मोजायचं नाही, संपलं की भरायचं. उशीतल्या पोळ्या एकदम थांबल्या नाहीत. आधी कमी झाल्या, परीक्षेच्या दिवसांत पुन्हा दिसल्या, आणि मग एकदा डब्यातला लाडू त्यानं घरातल्या धाकट्याला दिला. काकूंनी मला तेवढं सांगायला फोन केला होता.

अंथरूण ओलं होणं, शाळेत मारामारी, देवघरातली चिल्लर गायब होणं, रात्री दाराशी जाऊन बसणं. हे सगळं येतं. या काळात कुटुंबाला हवा असतो तो रात्री नऊ वाजता फोन उचलणारा माणूस. तो मिळाला तर घर टिकतं. नाही मिळाला तर तिसऱ्या महिन्यात कार्यालयात निरोप येतो, "मूल परत घेऊन जा", आणि त्या मुलाच्या फाइलीत आणखी एक नकार जमा होतो. घर चांगलं होतं, मूलही चांगलं होतं. मधला माणूस नव्हता.

शिवाय रोजच्या व्यवहारातल्या अडचणी. शाळेच्या फॉर्मवर पालकाचं नाव कोणाचं लिहायचं? बँकेत मुलाचं खातं उघडायला गेलं की काउंटरवरची व्यक्ती विचारते, तुम्ही याच्या कोण? प्रतिपालक हे कायद्यानं मुलाचे पालक होत नाहीत. मोठ्या शस्त्रक्रियेच्या संमतीसारखे निर्णय समितीकडे जातात. अपेंडिक्सनं कळवळणारं मूल कॅज्युअल्टीत आणि संमतीपत्राच्या रकान्यावर डॉक्टरांचं बोट, अशा वेळी समितीच्या सदस्यांना फोन लावत बसावं लागतं. समितीच्या आदेशाची प्रत मी प्रत्येक कुटुंबाला लॅमिनेट करून घरात ठेवायला सांगते. तिच्या दोन झेरॉक्स पाकिटात.

आणि भेटीचा दिवस. सख्खी आई महिन्याच्या ठरल्या दिवशी कार्यालयात येते. चिवड्याची पुडी, बांगड्या आणि एक फ्रॉक. फ्रॉक दोन वर्षांपूर्वीच्या मापाचा, कारण तिच्या डोळ्यांपुढची मुलगी तेवढीच आहे. खांद्यात अडकतो. मुलगी तो तसाच ओढून अंगात घालते, मागची बटणं उघडी, आणि आईजवळ बसून राहते. दाराबाहेर बाकावर बसलेल्या सांभाळणाऱ्या बाईंना हे सगळं दिसत असतं. पुढच्या भेटीला त्यांनी एका चिठ्ठीवर मुलीचं माप लिहून आणलं आणि आईच्या हातात दिलं, "पुढच्या वेळी या मापाचा आणा हं." इतकं मोठं मन कुठल्या प्रशिक्षणात शिकवता येत नाही. पण ते ज्यांच्यापाशी आहे, त्यांना ओळखता येतं, आणि त्यांना जपावं लागतं. अशा भेटीनंतर दोन-तीन दिवस मूल चिडतं, जेवत नाही, सांभाळणाऱ्या बाईंना "तू माझी आई नाहीस" म्हणतं. त्या दिवसांत मला त्या घरी जायलाच हवं.

जायला हवं, पण जाणार कोण? जिल्हा बाल संरक्षण कक्षात संस्थाबाह्य काळजीसाठी एक संरक्षण अधिकारी असतो, सोबत दोन सामाजिक कार्यकर्ते आणि दोन आउटरीच वर्कर. यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके, नांदेडातही सोळा. याच पाच माणसांनी बालविवाह थांबवायचे, हरवलेली मुलं घरी पोचवायची, बालसंगोपनाचे अर्ज तपासायचे, संस्थांना भेटी द्यायच्या, पोर्टलवर माहिती भरायची, आणि उरलेल्या वेळात प्रतिपालक घरी जाऊन बसायचं. पदं कंत्राटी, मानधन तुटपुंजं, प्रवासाचा पैसा आधी खिशातून. दोन-तीन वर्षांत चांगली मुलगी दुसरी नोकरी धरते, आणि ज्या काकूंना तिचा आवाज ओळखीचा झाला होता त्यांना नवीन माणसाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. ब्रिटनमध्ये मुलाचा सामाजिक कार्यकर्ता वेगळा असतो आणि प्रतिपालक कुटुंबासाठी दुसरा वेगळा नेमलेला असतो. तिथली व्यवस्था आदर्श आहे असं मी म्हणत नाही, तिच्यावर टीकाही भरपूर होते. पण कुटुंबालाही स्वतःचा माणूस लागतो हे त्यांनी मान्य केलं आहे. आपण मुलासाठी घर मागतो आणि त्या घराला एकटं सोडतो. लोक पुढे येत नाहीत त्याचं अर्धं कारण इथे आहे. आलेल्यांचे अनुभव कानावर जातात, आणि दुसरी माणसं बिचकतात.

संस्थेत काय बिघडतं, असंही काही जण विचारतात. खाणं आहे, शाळा आहे, कित्येक अधीक्षक आणि काळजीवाहक मनापासून करतात. खरं आहे. पण तीन पाळ्यांत बदलणाऱ्या माणसांशी मुलानं जीव कसा लावायचा? रुमानियात चाउशेस्कूची राजवट कोसळल्यावर तिथले भरगच्च अनाथाश्रम जगासमोर आले. २००० साली बुखारेस्टमध्ये शास्त्रज्ञांनी संस्थेतल्या १३६ लहान मुलांचा अभ्यास हाती घेतला आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्म्यांची निवड करून त्यांना प्रतिपालक कुटुंबांत ठेवलं. घरात गेलेल्या मुलांची बुद्धी, माणसं धरून राहण्याची क्षमता, मेंदूतले विद्युत संकेतसुद्धा संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगले निघाले. विशेषतः जी दोन वर्षांची होण्याच्या आत घरात पोचली त्यांचे. त्या कुटुंबांनाही सामाजिक कार्यकर्त्यांची सततची साथ होती, हे सांगताना बरेचदा राहून जातं.

संस्था मात्र चालू राहतात, कारण इमारत दाखवता येते. उद्घाटन होतं, पाटी लागते, वाढदिवसाला केक घेऊन जाता येतं. मला एवढंच म्हणायचं आहे की केकवर, ब्लँकेटवर, भिंतीच्या रंगावर खर्च होणाऱ्या दानातला थोडासा भाग एखाद्या कार्यकर्तीच्या पगारासाठी दिलात, तर काही मुलांना त्या इमारतीची गरजच उरणार नाही. पगाराला दान द्यायला आपल्याकडे हात आखडतो. तो मोकळा व्हायला हवा.

काही मुलं परत जातात. आईला धुणीभांडी सोडून कायमचं काम मिळतं, खोली होते, समिती आदेश काढते. मुलगी निघते तेव्हा सांभाळणाऱ्या घरात कोणी जेवत नाही. अशा घराला पुढच्या मुलासाठी लगेच विचारू नये, असं मी नव्या कार्यकर्त्यांना सांगते. त्यांना रडायला वेळ द्यावा. काही मुलं अठराची होईपर्यंत तिथेच राहतात. अठरानंतर कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची, तरतूद आहे, साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत. पण मला दिसलंय ते असं की चांगल्या घरात वाढलेला मुलगा आयटीआयच्या होस्टेलवरून दिवाळीला त्याच घरी येतो. त्यासाठी कुठला आदेश लागत नाही.

वाचकहो, तुमची मुलं शिकून पुण्या-बंगळुरूला, परदेशी गेली असतील, घरात एक खोली रिकामी असेल, प्रकृती धड असेल आणि संयम असेल, तर याचा विचार करा. श्रीमंती लागत नाही. मी पाहिलेली उत्तम घरं कंडक्टरची, शिवणकाम करणाऱ्या बाईंची, निवृत्त शिक्षिकेची आहेत. मूल सांभाळणं जमणार नसेल तर शेजारच्या घरात असं मूल आलं की "कुणाचं?" असं विचारू नका, त्याला खेळायला बोलवा. आणि तुमच्या आमदारांना, पालकमंत्र्यांना एक प्रश्न लेखी विचारा: आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात मंजूर पदं किती आणि भरलेली किती? प्रतिपालकत्वाची नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या, पोर्टलवर होते. ऑनलाइन जमत नसेल तर थेट तुमच्या जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात जा, बाल संरक्षण कक्ष कुठे आहे ते विचारा आणि अर्ज मागून घ्या.